तीर्थाबरोबरची गोळी

सायकलच्या दुकानातल्या माणसानं जन्मभर टायरात भरली नसेल एवढी हवा मी लोकांच्या दंडावर भरली. उपकेंद्रात भरली, पारावर भरली, भाजीच्या वाफ्यात उकिडवी बसून भरली. एकदा तर नवरदेवाच्या बापाला ऐन मांडवात गाठून पट्टा बांधला, कारण एरवी तो मला पाहिलं की गोठ्यात शिरायचा. हवा भरायची, फुस्स करून सोडायची, आकडा सांगायचा. की समोरचा हसून म्हणणार, "मले तं काईच होत नाई." या एका वाक्याशी भांडता भांडता माझी नोकरी संपली.

मी आरोग्य सेविका होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. माहेर कामरगावचं, नोकरीची शेवटची बरीच वर्षं मंगरूळपीरजवळच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्या वत्सलाबाई पुढच्या हंगामात मला वांग्याचं रोप देणार नाहीत, आणि ते मला परवडायचं नाही.

लोकांना वाटतं, नर्सबाई म्हणजे बाळंतपणं आणि लसीकरण. ते होतंच. पण नंतर नंतर माझा निम्मा वेळ बीपीनं खाल्ला. बीपीसारखा लबाड आजार नाही. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. दुखत नाही त्याला औषध कशाला, हा आमच्याकडचा सरळ हिशेब. त्यामुळे गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक गृहस्थ स्वतः न येता धाकट्या भावाला पाठवायचे, "रक्त एकच हाय ना आमचं" म्हणून. एक नवरा-बायको एकच गोळी मोडून अर्धी अर्धी घ्यायचे; संसार म्हटलं की वाटून खायचं, असं बाई मला समजावून सांगायची. आणि एक मास्तर गोळी फक्त मी यायच्या दिवशी घ्यायचे. का, तर आकडा चांगला आला की नर्सबाईला बरं वाटतं. मला बरं वाटावं म्हणून माणसं काय काय करायची, स्वतःसाठी मात्र काही नाही.

मी लकव्याची भीती घालायची. तोंड वाकडं होईल, हात लुळा पडेल, बाजेवर पडाल. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नशिबात असन तं होईन." संपला विषय.

मग एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं मी खुर्चीत ताठ बसले. ते म्हणाले, मोठा लकवा सगळ्यांना दिसतो. पण मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात तेव्हा छोटे छोटे लकवे होतात, आणि ते रोग्यालाही कळत नाहीत. हात चालतो, पाय चालतो. जाते ती आठवण, जातो तो सुचण्याचा वेग, हातातलं काम पुरं करायची अक्कल. सगळा विसर यामुळे येत नाही, त्याला दुसरीही कारणं आहेत, आणि पक्की हमी कोणीच देऊ शकत नाही. पण बीपी ताब्यात ठेवलं की लकव्याचा धोका घटतो, आणि त्याच गोळीनं पुढे डोकं विसरभोळं व्हायचा धोकाही घटतो.

परतीच्या एसटीत माझं कशातच लक्ष नव्हतं. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. डोळ्यांपुढं एकच बाई येत होती, सरूआजी.

सरूआजी म्हणजे वत्सलाबाईंची सासू. हे घर भाजीवाल्यांचं. मळा गावाला लागून, माल मंगरूळपीरच्या बाजारात. पण त्यांचं खरं नाव होतं रोपांसाठी. वांगी, मिरची, टोमॅटो, फुलकोबी, सगळ्यांचं रोप गादीवाफ्यावर तयार करून विकायचे. सरूआजीनं लावलेलं रोप मरत नाही अशी ख्याती होती. ही बाई हळूहळू विसरत गेली. हळूहळू तरी कसं म्हणू? जिना उतरल्यासारखं होतं ते. एके दिवशी म्हशीचं नाव आठवेना. मग कित्येक महिने तेवढंच. मग एकाएकी चहा कसा करायचा ते गेलं. पुन्हा बरेच दिवस तिथंच. आणि एका सकाळी त्यांनी सांबाराचा अख्खा वाफा तण समजून उपटून टाकला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. स्वतः पेरलेला, बाजारच्या आदल्या दिवशीचा वाफा. उपटून बांधावर नीट ढीग लावला आणि सुनेला म्हणाल्या, "बाई, तुमी कोनं? या वावराची मालकीन मोठी आळशी दिसते. पाहा किती कचरा माजू देल्ला."

गाव हसलं, म्हातारचळ म्हणालं. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सासूला शेवटपर्यंत घास भरवला, आणि सासूनं शेवटपर्यंत त्यांना ओळखलं नाही. त्या वेळी आम्हा सगळ्यांना ते वयच वाटलं. आता वाटतं, डॉक्टरांचे हे चार शब्द मला थोडे आधी कोणी सांगितले असते तर फार बरं झालं असतं.

वत्सलाबाईंचं बीपी सासूसारखंच. गोळीचं नाव काढलं की त्या मला सरळ सांगायच्या, "लकव्याचं मले भेव नाई, नर्सबाई. बाजीवर पडीन, पन तोंडानं काम तं सांगीन. देवानं फक्त सासूबाईवानी करू नोको."

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्र उघडून थेट मळा गाठला. वत्सलाबाईंचे मालक महादेवभाऊ मिरचीतलं ठिबक धुऊन राहिले होते. मी बांधावरच बसले.

"महादेवभाऊ, मोटारीचा दाब जास्त झाला तं काय होते?"

"मोठा पाइप फुटते. तुमाले कायले पाह्यजे?"

"अन् नाई फुटला, पन दाब वर्सानुवर्स जास्तच राह्यला तं?"

"मंग बारक्या नळ्या जातात. कोठी चीर पडते, कोठी भोक बुजते. टोकाचं झाड सुकून जाते अन् आपल्याले पत्ता नाई."

मला हेच हवं होतं. म्हटलं, "मोठा पाइप फुटला तो लकवा. सारं गाव पाहाले येते. पन डोक्यातबी अशाच बारक्या नळ्या हायेत. त्यातली एखांदी गेली तं कोनाले दिसत नाई. आतमंदी एक झाड सुकते फक्त."

वत्सलाबाई मागं टोपलं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे सासूबाईचं एकेक झाड सुकत गेलं?"

"बहुतेक तसंच झालं असन."

"त्यायले बीपी होतं?"

"होतं. गोयी कवाच घेतली नाई त्यायनं."

त्यांनी टोपलं खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि आपणहून दंड पुढं केला. "आना तुमचा पट्टा."

खरं सांगते, एवढी खूश मी पगारवाढीच्या दिवशीही झाले नव्हते. मला गावाची किल्ली सापडली होती. लकव्याला न भ्यालेलं गाव विसराला भ्यायलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना मी ठिबक सांगितलं, बचत गटात ठिबक सांगितलं. मास्तर रोज गोळी घ्यायला लागले. वाटून खाणारं जोडपं आपापली अख्खी घ्यायला लागलं. पट्ट्यापाशी रांग लागू लागली आणि मी फुगले. हे फुगणं वर्षभर टिकलं.

पुढच्या आषाढात मी वत्सलाबाईंकडे वांग्याचं रोप घ्यायला गेले. परसात दहा-वीस झाडं लावायचा मला नाद आहे. त्यांनी रोप उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, हातात दिलं. मी पाहिलं तर मिरची. वांग्याचं पान रुंद आणि लवदार, मिरचीचं निमुळतं आणि चकचकीत. माझ्यासारखीला कळतं ते वत्सलाबाईंना कळू नये? त्या तर पहाटेच्या अंधारात नुसतं बोट फिरवून रोप ओळखायच्या.

"वत्सलाबाई, हे मिरची हाय."

त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हसल्या, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "लक्ष नोयतं," म्हणाल्या. मी तिथंच पट्टा बांधला. आकडा चढलेला.

"गोयी घेता ना?"

"रोज घेतो."

"रोज?"

"रोज म्हंजे, उपास सोडून."

मला आधी समजलंच नाही. मग उलगडा झाला. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, चतुर्थीला, एकादशीला. उपासाला तोंडात गोळी टाकली की उपास मोडतो, मग ती कशी घ्यायची? पुढं श्रावण होता आणि त्यापुढं नवरात्र. ते तर अख्खं फक्त पाणी आणि एखादं फळ, कारण थोरला लेक लहानपणी तापात हातचा जायची वेळ आली तेव्हा बोललेला नवस होता तो. मी गावात विचारत सुटले. घरोघरी तेच. गोळी रोज, उपास सोडून. वर उपासाला शेंगदाणे, बटाट्याचे खारे वेफर्स, आणि सैंधव म्हणजे मीठच नव्हे ही समजूत. माझी किल्ली कुलपाला लागली होती, पण दार काही उघडलं नव्हतं.

मी वत्सलाबाईंना परोपरीनं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवीनं माहं लेकरू देल्लं. तिच्या नऊ दिवसांत मी तिले दगा देऊ काय?" प्रशिक्षणात याचं उत्तर कोणी शिकवत नाही.

अष्टमीची सकाळ. देवीच्या देवळात आरती. मी मुद्दाम गेले होते. वत्सलाबाई आरतीचं ताट घेऊन पुढं उभ्या होत्या. मध्येच ताट उजवीकडून कलंडलं, कुंकू सांडलं, वत्सलाबाई डुलायला लागल्या आणि तोंडातून काहीतरी वेडेवाकडे, न कळणारे आवाज निघायला लागले.

मागून कोणीतरी म्हणालं, "अंगात आली." लगेच वाट मोकळी झाली. बाया हात जोडून पुढं सरकल्या. एकीनं त्यांच्या कपाळाला मळवट भरला. एकीनं विचारलं, "माय, काय मागनं हाय तुह्यं?" महादेवभाऊसुद्धा हात जोडून उभे. हलगीवाल्यानं ठेका वाढवला.

आणि मला दिसला फक्त उजवा हात. डावा उंच उठला होता, उजवा नुसता लोंबत होता.

मी गर्दीत घुसले. बाया मला मागं ओढून राहिल्या होत्या, अंगात आलेल्या बाईला असं धरत नाहीत म्हणून. मी वत्सलाबाईंसमोर उभी राहून ओरडले, "वत्सलाबाई, हासा माह्याकडे पाहून." त्या हसल्या. तोंड एकाच बाजूला गेलं. "दोन्ही हात वर करा." डावा वर गेला, उजवा जागचा हलला नाही. मी एकाला १०८ लावायला सांगितलं आणि त्यांना खाली आडवं केलं. पुजारी सोपानबुवा आरती थांबवून पाहत होते.

गाडी यायच्या आतच तोंड सरळ झालं. हात उचलू लागला. वत्सलाबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? कायले गर्दी केली?" देवी आली आणि गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गाडी दारात, आणि त्या जायला तयार नाहीत. महादेवभाऊ म्हणतात, "आता तं बरी हाय. देवीच्या दारातून दवाखान्यात कशी नेऊ?"

मी जीव तोडून सांगून राहिले होते की हा इशारा आहे, हा येऊन जाणारा लकवा, याच्या मागून मोठा येतो, आणि आता एकेक मिनिट मोलाचं आहे. पण त्या हलगीपुढं माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात सोपानबुवा गाभाऱ्यातून बाहेर आले. म्हणाले, "महादेव, मी तीस वर्स या दारात बसून राह्यलो. देवी अर्ध्या अंगात येत नाई. आली असती तं दोन्ही हात उचलले असते. ने तिले."

ते ऐकून महादेवभाऊंनी बायकोला उचललंच. वाशिम, तिथून अकोला. मी गाडीत सोबत. पूर्ण वाटभर मी त्यांना बोलतं ठेवलं, रोपांची नावं विचारत. एकदाही चुकल्या नाहीत.

मोठा लकवा टळला. पण डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला, त्यात जुने बारके डाग होते. वत्सलाबाईंनी ते बराच वेळ पाहिले.

"हे कवा झाले?"

"तुम्हाला कळलंही नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एक माहीत हाय," वत्सलाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "वांग्याच्या जागी मिरची देल्ली होती, तवाचा असन." मग पदर तोंडाला लावून रडल्या. "मी सासूबाईच्या वाटंनं निंगाली काय व?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, झालेले डाग पुसता येत नाहीत. नवे पडू नयेत म्हणून मात्र खूप काही करता येतं, आणि त्यातलं पहिलं म्हणजे गोळी. रोज म्हणजे रोज. उपास धरा, पण गोळीसकट.

वत्सलाबाई मला म्हणाल्या, "तुमी इचारून या."

"कोनाले?"

"देवीले."

आता देवीला विचारायचं म्हणजे सोपानबुवांना. गावी परतले तशी देवळात गेले. मनात मुद्दे घोळवत होते. वाद होणार हे धरून चालले होते. म्हटलं, "बुवा, उपासात बीपीची गोयी चालन काय?"

बुवांनी इकडं तिकडं पाहिलं. कुंकवाच्या करंड्यामागं हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. माझ्याच उपकेंद्रातलं.

"मी तं रोजच घेतो. नवरातातबी घेतो. तिच्यासमोरच बसून घेतो."

मी कपाळावर हात मारला. "मंग गावाले सांगतलं काहून नाई, बुवा?"

"मले कोनं इचारलं? अन् वाटे, लोक म्हनतीन पुजारीच उपास मोडून राह्यला."

एवढी वर्षं सगळं गाव देवीला भिऊन गोळी सोडत होतं आणि देवीचा पुजारी गावाला भिऊन गोळी लपवत होता. मी देवळातच हसत सुटले. बुवाही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "सांगतो मी."

त्यांनी नुसतं सांगितलं नाही. पुढच्या नवरात्रात पहिल्याच आरतीला पळी हातात धरून उभे राहिले आणि जाहीर केलं, ज्याला बीपीची गोळी आहे त्यानं आधी गोळी तोंडात टाकायची, मग तीर्थ. गोळी चुकवली तर तीर्थ नाही. मी कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. सगळ्यांत पुढं वत्सलाबाई. पूजेच्या ताटात हळद, कुंकू, फुलं आणि गोळीचं पाकीट. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, ओंजळ पुढं केली, बुवांनी तीर्थ दिलं. मग मागची बाई. मग तिच्या मागची. कमरेच्या पिशवीतून, पदराच्या गाठीतून, धोतराच्या कनवटीतून पाकिटं निघत होती. बुवा प्रत्येकाला दरडावून राहिले होते, "गोयी?" ते रूप पाहून माझ्या डोळ्यांना धार लागली. प्रसाद समजून दोन-तीन जणांनी शेजारच्याची गोळी मागितली, तेव्हा मात्र धावत जाऊन ज्याची त्याची गोळी वेगळी असते हे ओरडून सांगावं लागलं. शुगरवाल्यांचं गणित निराळं, त्यांनी उपास धरायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, हेही बुवांकडूनच वदवून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात, त्याला काय करणार?

त्यानंतर मी नोकरीत होते तोवर दर थोड्या दिवसांनी वत्सलाबाईंचा दंड धरायची आणि दर वेळी गप्पांच्या ओघात हळूच आठवण तपासायची. हे कोणतं रोप, ती कोणाची सून, परवा बाजारात काय नेलं. एखादं नाव अडायचं. कधी त्या बोलता बोलता थांबून शब्द शोधायच्या. पण जिन्याची पुढची पायरी आली नाही.

या आषाढात, निवृत्त झाल्यावर, वांग्याचं रोप आणायला गेले. वत्सलाबाईंनी फडकं बांधून दिलं आणि म्हणाल्या, "नर्सबाई, यात एक मिरचीचं रोप घातलं हाय. घरी जाऊन वयखा."

घरी येऊन मी अंगणात फडकं उलगडलं. एकेक रोप हातात घेऊन पाहिलं. रुंद पान, लव. रुंद पान, लव. सगळी वांगीच दिसत होती. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मिरची काही सापडेना. आपल्याला ओळखता येईना की काय? शेवटी फोन केला.

"सापडली काय?"

"नाई व."

"सापडन कशी? घातलीच नाई मी."

"मंग कायले सांगतलं?"

"इतली वर्सं तुमी मले तपासून राह्यल्या. मले काय समजत नोयतं?" त्या फोनवर खदखदून हसल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बीपी कोनं पाह्यलं कवा?"

मी फोन ठेवला, कपाटातून जुना पट्टा काढला, स्वतःच्या दंडाला बांधला आणि हवा भरली. किती निघालं ते सांगत नाही. गोळी मात्र सुरू आहे, रोज म्हणजे रोज.